मागची दोन्ही चाकं

गाडी अंगणात थांबताच अण्णा खाली उतरले आणि सवयीप्रमाणे एकेका चाकाला पालथा हात लावून बघू लागले. पुढची दोन्ही कोमट होती. मागच्या चाकाला हात टेकताच मात्र त्यांनी तो झटकन मागे घेतला. शेजारचंही तसंच तापलेलं, वर जळका वास.

“मागची दोन्ही तापली, अण्णा,” त्यांचा मुलगा दिगंबर ओसरीवरून म्हणाला. “म्हणजे काय, ते तुम्हीच शिकवलंत मला.”

“हँडब्रेक ओढलेला राहिला,” अण्णा पुटपुटले. “तरीच गाडी जड येत होती. पण मी सोडला होता रे...”

“जन्मभर एसटी चालवलेला माणूस तुम्ही! उद्या ऐन उतारावर असे तापलेले ब्रेक लागलेच नाहीत आणि एखादं पोर चाकाखाली आलं म्हणजे?”

अण्णांनी भाजलेल्या बोटांकडे पाहिलं. मग खिशातली किल्ली काढून दिगंबरच्या हातावर ठेवली.

दिगंबरला हायसं वाटलं. सकाळी अण्णा पूजेला बसले असताना त्यानेच गाडीखाली शिरून हँडब्रेकची केबल आवळली होती, ब्रेक चाकांना घासतच राहावा म्हणून. म्हाताऱ्याशी हुज्जत न घालता गाडी ताब्यात आली होती. आता केबल सैल केली की झालं.

दुपारी जेवणं आटोपली. सून ताटं उचलू लागली तेव्हा अण्णांनी दिगंबरकडे चोरून बघत तिला हळूच विचारलं, “सूनबाई, मी जेवलो ना गं?”