भोवऱ्यांची दिशा

घोडबंदर रोडच्या क्लिनिकमध्ये डॉक्टरांनी माझ्या गुळगुळीत टकलावर मार्कर टेकवला. "भोवरे किती होते? कुठल्या बाजूला फिरायचे? नवे केस त्याच दिशेने लावावे लागतात, नाहीतर विग घातल्यासारखं दिसतं."

दिशा मला काय ठाऊक! मी आईकडे बघितलं.

"एकच होता," आई ठणकावून म्हणाली. "उजवा."

होते दोन. पण दोन भोवरे असले की दोन लग्नं होतात म्हणतात. सहा वर्षांपूर्वी आमचं लग्न ठरताना वैशालीच्या मावशीला माझं टक्कल चाललेलं, तिने भोवरे तेवढे विचारलेले. तेव्हा आईने एकच सांगितलेला. आता सुनेसमोर कशी कबूल होणार?

"दोन होते, डॉक्टर." वैशालीने त्यांच्या हातातला मार्कर घेतला आणि न अडखळता माझ्या डोक्यावर दोन गोल काढले. "हा घड्याळाच्या काट्यासारखा. आणि हा उलटा."

आईचा चेहरा उतरला. "तुला गं कसं माहीत? तू घरात आलीस तेव्हा याला केस होते कुठे?"

"दहावीला कोपर स्टेशनजवळच्या क्लासमध्ये याच्या मागच्याच बाकावर बसायचे मी," वैशाली मार्करचं टोपण लावत म्हणाली. "वर्षभरात याने एकदाही मागे वळून बघितलं नाही, आई. म्हणून शेवटी मावशीला पुढे करून स्थळ मीच पाठवलं."