दोन सीटांची गाडी

मिस्त्रीने गाडीतला गालिचा उचलला आणि दादाला सीटखालून थेट गॅरेजची फरशी दिसली.

“पत्रा कुठंय?” त्याने विचारलं.

“तोच तर नाही ना, साहेब. वर रंग, खाली पुट्टी आणि पुट्टीखाली देवाची कृपा.” मिस्त्रीने टिचकी मारली तसा एक तुकडा गळून पडला. “बाईंनी अर्धी गाडी घेतलीय. उरलेली अर्धी आता सुट्या भागांत घ्यावी लागणार.”

दादाला मनातून बरं वाटलं. हेच ऐकायला तो आला होता. धाकट्या बहिणीने पन्नाशी उलटल्यावर चाळीस वर्षं जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली होती, आणि तीही घरातल्या कर्त्या माणसाला न विचारता. कर्ता माणूस म्हणजे अर्थात दादाच.

बहिणीचे मोटार शिकवण्याचे वर्ग होते. तीस वर्षं शेजारच्या सीटवर बसून तिने अर्ध्या गावाला गाडी शिकवली होती. तिचा पाय कायम ब्रेकवर, म्हणून पोरं तिला ब्रेकबाई म्हणत. “ब्रेकबाईला म्हातारपणी स्टिअरिंगची हौस आलीय,” असं दादा भेटेल त्याला सांगत सुटला होता.

“विकून टाक,” तो शेजारी उभ्या असलेल्या बहिणीला म्हणाला.

“नाही.”

“निदान टायर तरी बरे आहेत का?” दादाने मिस्त्रीला विचारलं.

“दिसायला नवे आहेत,” मिस्त्री म्हणाला. “पण पंधरा वर्षं उभ्या उभ्या रबराचं लाकूड झालंय. ब्रेकचे पाइप गंजलेत, वायरी उंदरांनी खाल्ल्यात. कार्बोरेटरचं सामान तर बाहेरून मागवावं लागेल.”

“मागवा,” बहीण म्हणाली. “आणि शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवा. माझ्या क्लासच्या गाडीत आहे तसा.”

मिस्त्रीचा चेहरा पडला. “असल्या गाडीला भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं हो, बाई. किंमत उतरेल तिची.”

“मला कुठे विकायचीय?”

“पण दुसरा ब्रेक हवाय कशाला?” दादाने विचारलं.

“तुझ्यासाठी. मी गाडी चालवते तेव्हा तू शेजारी बसून पायाने जमीन दाबत असतोस. आता खराखुरा दाब.”

मिस्त्री हसू लपवायला बॉनेटमध्ये वाकला. दादाला भयंकर राग आला, कारण ते खरं होतं.

घरी आल्यावर त्याने आईकडे मोर्चा वळवला. “तू तरी सांग तिला काही.”

आई नवा चष्मा पुसत होती. “माझं या घरात कोण ऐकतं?”

पंचाहत्तरीला टेकलेल्या आईला हा ताप नको, असं दादाला मनापासून वाटे. बहीण संध्याकाळी आली की आई हटकून विचारी, “आज काय निघालं?” मग बहीण तिला सगळं सविस्तर सांगत बसे. आईची काळजी दादालाच. वडील होते तोवर ते, आणि नंतर तो, तिला हवं तिथे गाडीतून न्यायचे. म्हणजे सवड झाली की. तोवर आई चपला घालून दाराशी बसून राही. हल्ली डोळ्यांच्या तपासणीला मात्र बहीणच तिला आठवड्यातून दोनदा नेई. तेवढीच दादाची एक कटकट कमी झाली होती.

दोन महिन्यांनी नवा पत्रा ठोकलेली लाल गाडी दोरीने ओढली जात घरी आली आणि दादाच्या गाडीच्या जागेवर ठाण मांडून बसली. सुरू मात्र होईना. मग दादाचाही धीर सुटला.

“रविवारी दहा वाजता भंगारवाला येतोय,” त्याने जेवताना जाहीर केलं. “तोवर ही आपल्या चाकांवर फाटकाबाहेर गेली, तर मी जन्मात अवाक्षर काढणार नाही. नाहीतर ती त्याच्या टेम्पोत.”

“कबूल.”

“अगं, पण एवढा हट्ट कशासाठी?”

बहिणीने हातातला घास खाली ठेवला. “पहिल्यांदा गाडी हातात आली की माणसाचं तोंड कसं होतं, ते मी तीस वर्षं शेजारी बसून बघतेय. परक्यांची तोंडं. आपल्या घरात ते एकदा तरी बघायचंय मला. त्यासाठी घरदार विकावं लागलं तरी चालेल.”

“मग आरसा विकत घ्यायचा. स्वस्तात पडला असता.”

आईला ठसका लागला.

रविवारी पावणेदहालाच टेम्पो फाटकाशी येऊन लागला. मिस्त्री सकाळपासून गाडीखाली होता. आदल्या दिवशी पेट्रोलचा पंपही गेला होता. भंगारवाल्याने गाडीभोवती एक चक्कर मारली आणि टायरला लाथ घातली.

“हात नका लावू,” बहीण म्हणाली. “अजून दहा मिनिटं ती माझी आहे.”

दहाला चार मिनिटं असताना गाडी खोकली, धूर ओकली आणि धडधडत सुरू झाली. मिस्त्री काळेकुट्ट हात उंचावून नाचला. दादा हाताची घडी घालून गाडीच्या मागे उभा होता. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं आणि ती वाटेतच बंद पडणार, अशी त्याची खात्री होती.

बहिणीने दार उघडलं आणि शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

दादाला हसू आवरेना. “अगं ब्रेकबाई, बाजू चुकलीस!”

तिने वळूनही पाहिलं नाही. घराचं दार उघडलं. आई कॅनव्हासचे बूट घालून तरातरा पायऱ्या उतरली, स्टिअरिंगमागे बसली, सीट पुढे ओढली आणि आरसा नीट केला. आरशात तिला दादा दिसला.

“मागून सरक रे,” ती म्हणाली. “रिव्हर्स मला अजून नीट जमत नाही.”