आतला कापूस

इस्पितळात मेलेल्यांच्या अंगावरच्या पट्ट्या टोपलीतून उपसताना गेशेने तोंड फिरवलं. पू वाळून त्यांच्यावर खपली धरली होती. तिचा नवरा टीडेमान शिंपी मात्र त्याच पट्ट्या काठीने लढाईच्या कोटात ठासत होता, दोन उभ्या शिवणींच्या मधल्या पोकळीत, जिथे कापूस भरायचा तिथे.

“अहो, बाण घुसला की ही घाण जखमेत जाईल. माणूस सडून मरेल!”

“अख्ख्या ल्युबेक शहराच्या फौजेला कोट हवेत. एवढा कापूस आणू कुठून? वरचं कापड नवं आहे ना? शिवण उसवून कोण बघतंय!” मग तो हळूच म्हणाला, “आपल्या पोराच्या, हिनरिकच्या कोटात निवडलेला कापूस भरलाय. आता तरी गप्प बैस.”

तिने टोपली त्याच्याकडे सरकवली. मारियामातेचं नाव घेत राखेने हात घासत राहिली, पण बोटांचा वास काही जाईना.

फौज निघाली त्या सकाळी हिनरिक कोट घालून निरोप घ्यायला आला. गेशेने त्याला पोटाशी धरलं आणि झटकन मागे सरली.

“तुझा कोट कुठाय रे?”

“माझ्या तुकडीतल्या एलरला दिला, आई. रडकुंडीला आला होता बिचारा. म्हणे, माझ्या कोटाला मढ्याचा वास येतोय. मी म्हटलं, येड्या, माझ्या बाबांनी शिवलाय तो! तू घे माझा, मी घालतो तुझा.” हिनरिक बापाकडे बघून हसला. “सगळे सारखेच की, हो ना बाबा?”