शेवटचा हात

जना शहापुरात जुन्या कपाटांवर रंगाने सागाच्या रेषा काढून द्यायची. एकदा मुरबाडहून टेम्पोवाल्याने आणलेलं कपाट बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिला टाकलेल्या नवऱ्याचं कपाट! दारावर तिच्या बापाने लग्नात देताना लाल ऑइल पेंटने लिहिलेलं तसंच होतं: ‘चि. सौ. कां. जना व चि. जीवन’.

“जीवनशेठनं नव्या सासरी पयलंच लगीन सांगितलंय. नावं दिसाया नकोत,” टेम्पोवाला म्हणाला.

“नाय दिसनार.”

तिने नावांवर पाण्यात कालवलेला रंग दिला, कंगव्याने रेषा ओढल्या. रंग धुऊन जाऊ नये म्हणून वरून वॉर्निशचा हात मारतात, तेवढा मात्र मारला नाही.

“नव्या नवरीला सांग,” कपाट टेम्पोत चढवताना जना म्हणाली,

“दसऱ्याला म्हायेरच्यांना बोलव, नि त्यांच्यासमोर ओल्या फडक्यानं पूस. बघ कसं उजळतंय!”