तिसरं नाव

फरीदाबादच्या नागरी सुविधा केंद्रात स्वरूपा पत्ता बदलून घ्यायला आली होती. खिडकीतल्या बाईंनी पडद्यावरची कुटुंबातली नावं वाचली, “सूर्यकांत, स्वरूपा, कृतिका.”

“हम तो दो ही हैं,” स्वरूपा कशीबशी म्हणाली.

नऊ वर्षांपूर्वी सहाव्या महिन्यात पोटातली मुलगी गेली होती. तिच्यासाठी मनातल्या मनात ठरवलेलं हे नाव स्वरूपाने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

“बच्ची का अंगूठा बाकी है.” बाईंनी ठशाचं यंत्र पुढे सरकवलं आणि स्वरूपाच्या कमरेशी बघत त्या हसल्या. “जोर से दबाओ, बेटा.”

तिथे कुणीच नव्हतं. तरी यंत्र वाजलं.

“हो गया. अब मम्मी के साइन.”

स्वरूपा पेन घ्यायला गेली, पण तिचा उजवा हात उचलेना. इवल्याशा, ओल्या बोटांनी तो घट्ट धरून ठेवला होता.