राजमातेचा रुबाब

मंडळाची ऐतिहासिक वेशभूषा स्पर्धा करोनात बंद पडली होती, ती यंदा इथे सिंगापुरात, तोआ पायोह भागातल्या एका हॉलमध्ये पुन्हा भरली. सहा वर्षांच्या जाईला मी जिजाबाई केलं होतं. पुण्याहून मागवलेली नऊवारी, चापाची नथ, डोक्यावरून पदर. हॉलमध्ये पाऊल ठेवल्यापासून माझा जीव नुसता टांगणीला. निऱ्या सुटतील, कुंकू ओघळेल, घाम येईल.

"इथेच पंख्याखाली बस हं. पळायचं नाही. पाणीसुद्धा स्ट्रॉनेच पी."

मागे मुलं खुर्च्यांच्या रांगांमधून पकडापकडी खेळत होती. जाई माझ्याकडे बघायची, मी डोळ्यांनीच नको म्हणायची. पोर खरंच शहाणी. नंबर पुकारेपर्यंत जागची हलली नाही.

पहिलं बक्षीस मिळालं. "एवढ्याशा मुलीत काय हा राजमातेचा रुबाब!" परीक्षक बाई माइकवर म्हणाल्या. घरी जायला एमआरटी ट्रेनमध्ये बसेपर्यंत मी हवेतच होते.

"मग, पुढच्या वर्षी कोण व्हायचंय आमच्या राणीसरकारांना? ताराराणी? अहिल्याबाई?"

जाईने नथ काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"अश्लेषा."

"अगंबाई, ही कुठली राणी?"

"राणी नाही लाह!" इथल्या शाळेत उचललेला 'लाह' जोडत ती म्हणाली. "तो मावळा झालेला तन्मय, त्याची बहीण. ती नुसती बघायला आली होती ना, म्हणून तिच्या आईने तिला खेळू दिलं."