मेंढरांपाशी कोण?

"पुन्हा सांगा," समितीचे अध्यक्ष, आमदार भाऊसो म्हणाले.

अर्जुनाने डोक्याचा पटका सारखा केला. म्हसवडकडचा मेंढपाळ, पाऊस सरला की कळप घेऊन इकडं बागायतीत उतरायचा. नव्या पोलीस विधेयकावर ज्यांच्या हरकती होत्या, त्यांना समितीने आज सांगलीच्या विश्रामगृहात बोलावलं होतं. गेल्या खेपेला साताऱ्यात त्याने हेच सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग विधानसभेची मुदत संपली, विधेयक बुडालं आणि त्याचं बोलणंही त्याच्याबरोबर गेलं. आता विधेयक नवं, समिती नवी. कलम मात्र तेच, जसंच्या तसं.

"आमी सारखं नव्या रानात उतरतो," अर्जुना म्हणाला. "कलम म्हणतंय, फिरस्त्यांनी जिथं उतरत्याल तिथल्या ठाण्यात त्याच दिशी दिवस मावळायच्या आत हजर व्हायचं. बाप्यानं बी, बाईनं बी. ठाणं लांब, माघारी यायला रात हुती. न्हाई गेलं तर कोठडी. आन् दोघं गेलो, तर मेंढरांपाशी कोण?"

"आज कोण आहे?" एका सदस्याने विचारलं.

"धोंडुबाई, आमची मंडळी. माधवनगरच्या रानात हाय. पर कायदा झाल्यावर ती बी ठाण्यातच की."

कोणीतरी हसलं. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं.

"मुद्दा महत्त्वाचा आहे. अहवालात जरूर घेऊ. पुढचे कोण?"

झालं! एवढ्यासाठी सकाळपासून ताटकळायचं. अर्जुना बाहेर येऊन पायरीवर बसला. रागवायचंही त्राण राहिलं नव्हतं त्याच्यात.

जेवणाची सुट्टी झाली तसे भाऊसो व्हरांड्यात आले आणि त्याला पाहून थांबले. आतली भाषा ते आतच ठेवून आले होते.

"व्हय गड्या, यंदा माझ्या रानात बसव की मेंढरं. लेंडीखत लय ग्वाड असतंय. बदल्यात धान्याचं बघू आपण."

"बसवू की."

"पर एक ध्यानात ठेव." भाऊसो जवळ सरकले. "बांधाला लागून द्राक्षबाग हाय माझी. सांजपास्नं उजाडंस्तवर दोघांनीबी जाग्यावरनं हलायचं न्हाई. मागल्या साली एकाचा जरा डोळा लागला, तर मेंढरांनी सगळा कवळा पाला फस्त केला."

अर्जुना पायरीवरून उठला. मग दमल्या आवाजात म्हणाला,

"आवं सायेब, हेच आत सांगा की."